कडेची फट

"सरका बाई, मले पाहू द्या," म्हणत रुपीबाईनं स्टूल पुढं ओढलं आणि टेबलावर कोपरं टेकवली. दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या लाकडावर खडखडल्या.

डॉक्टर कुंदाबाईंचा हात सूक्ष्मदर्शकावरून हलेना. "पाहून काय करणार तुम्ही?"

"माह्या पोटातलं हाय ना थे? मंग मीच पाहीन."

महिन्यापूर्वी यवतमाळच्या या दवाखान्यात तिच्या आतड्याचा शेवटचा भाग कापून काढला होता. खालची वाट शिवून टाकली होती आणि शौचासाठी पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट केली होती. त्या नव्या वाटेवर सतत कापडाची घडी बांधावी लागे. कापलेला तुकडा नागपूरला गेला, तिथून त्याचा पातळ काप लावलेली ही काच आली. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, भीमसिंगला, व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, घरी न्या, हवं ते खाऊ घाला. भीमसिंगनं तिला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी फार गोड बोलू लागला, आणि तेवढ्यावरूनच ती समजली.

कुंदाबाईंनी भिंग जुळवून दिलं. रुपीबाईला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू जांभळट, वेडीवाकडी पुंजकी दिसू लागली.

"हा कर्करोग," कुंदाबाई म्हणाल्या. "त्याच्या भोवती बारीक काळे ठिपके दाटलेत, दिसतात?"

"तिळावानी?"

"हो. ते तुमच्या रक्तातले, रोगाशी लढणारे, तुमचे. ते असे दाटून उभे असले की रोगाला बाहेर पडणं अवघड जातं. सगळ्यांचे राहत नाहीत. कुणाकुणाच्या पोटात भोवतालचं मांसच त्याला वाट करून देतं."

रुपीबाई बराच वेळ डोळा न हलवता पाहत राहिली.

"इथं नाईत," ती म्हणाली. "वरच्या अंगाले फट हाय."

कुंदाबाईंनी स्वतः वाकून एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

"तिथून गेला काय थो?"

"गेला असेल. गेला तर बहुधा यकृतात जातो. पण गेलेला प्रत्येक कण रुजतोच असं नाही. तिथली जागा त्याला मानवावी लागते."

"आन् नाई मानवली तं?"

"तर मरतो. पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही, रुपीबाई. मी खोटं सांगणार नाही."

"मंग हातात काय हाय, थे सांगा."

कुंदाबाईंनी सांगितलं. घड्या धुऊन उकळायच्या, जखम कोरडी ठेवायची, पोटभर खायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. रुपीबाईनं सगळं एकदा म्हणून दाखवलं आणि उठली.

आपल्या बंजारा तांड्यावर परतताना आर्णीच्या मोटारीत भीमसिंग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तांड्याच्या टोकाले तुह्यासाठी झोपडी घातली. रांधाले धाकट्या भावाची बायको हाय. वास येते म्हनतात भेटून गेलेले लोक."

"कोन म्हनते?"

"सारेच."

"आन् तुमी?"

भीमसिंगनं तिकिटं खिशातून काढून पुन्हा आत ठेवली.

"झोपडीत बकऱ्या बांधा," रुपीबाई म्हणाली. "मी माह्या घरात राहीन. ज्याले वास येते, त्यानं दुसरीकडं जाऊन बसावं."

घरी पोचताच धाकटी जाऊ सुखीबाई रुपीबाईच्या हातून परात काढून घेऊ लागली. रुपीबाईनं परात सोडली नाही. भाकरी थापल्या, सगळ्यांच्या ताटांत वाढल्या. सुखीबाईनं आपलं ताट दूर सरकवलं. रुपीबाईनं ते आपल्यापुढं ओढलं आणि तिथंच बसून दोघींच्या वाटणीचं खाल्लं.

चौथ्या दिवशी घड्या धुवायला ती नाल्यावर गेली. पुरुष बैलांना पाणी पाजत होते. ती धुवायला वाकली, टाके ताणले, डोळ्यांपुढं अंधारी आली. ती दगडावर बसली. पण गाठोडं तिनं लपवलं नाही, मांडीवर घेऊन बसली. कुणी जवळ आलं नाही.

मागून भीमसिंग आला. त्यानं तिच्या मांडीवरचं गाठोडं घेतलं, धोतर खोचलं आणि सगळ्यांच्या देखत एकेक घडी उलगडून पाण्यात बुडवली.

"भीमसिंग," तांड्याचा नायक लखीराम मोठ्यानं म्हणाला, "थे गडीमानसाचं काम हाय काय?"

भीमसिंग कापड चोळत राहिला. त्याची मान लाल झाली होती.

"नायक," तो मान वर न करता म्हणाला, "बैलं जरा खाली न्या. पानी गढूळ होऊन राह्यलं."

लखीराम उभाच राहिला. मग त्यानं कासरा ओढला आणि आपली जोडी खालच्या अंगाला वळवली.