खिरीवरची चटणी

माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या आमटीला नावं ठेवायचं त्यांनी सोडलेलं नाही. दर म्हाळाला ठेवतात. म्हणजे ठेवतात गावातले माउलीतात्या, पण सासऱ्यांच्या वतीनं.

माढा तालुक्यातल्या आमच्या या गावात पितृपंधरवड्यात, म्हाळाला, ज्याच्या नावाचं जेवण असेल त्याच्या जागी गावातलाच एक माणूस पितर म्हणून पानावर बसवतात, पाय धुऊन, कपाळाला गंध लावून. बाकीचे पितर मुकाट जेवतात आणि ढेकर देऊन उठतात. तात्यांचं तसं नाही. ज्याच्या पानावर बसतील त्याच्यासारखे ते जेवतात. सासऱ्यांच्या पानावर बसले की पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून म्हणणार, "विजयमाला, आमटीत मीठ टाकलंया का नुसतं दाखवलंया?" मी चिडते आणि घरातली सगळी हसता हसता डोळे पुसतात. मास्तरांच्या घरी तात्या भाकरीचा पापुद्रा आधी सोलून बाजूला ठेवतात, पाटलांच्या घरी अर्ध्या जेवणातून उठून बैल बघून येतात. गावातली गेलेली माणसं तात्यांमुळं वर्षातून एकदा खरोखर जेवून जातात, असं म्हणायला हरकत नाही.

यंदा मात्र तात्यांना बोलवायचं कसं, याचाच मला घोर लागला होता. यंदा त्यांचाच मुलगा गेला होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

रेवण ट्रकवर ड्रायव्हर होता. आषाढात गुजरातेत ट्रक उलटला आणि पोरगं जागेवरच गेलं. तात्या तेव्हा बार्शीच्या दवाखान्यात, छातीचं ऑपरेशन होऊन पडलेले. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझे मालक, बिभीषण, आणखी दोघांना घेऊन गेले आणि तिकडंच सगळं उरकून आले. तात्या घरी येईपर्यंत अख्ख्या गावाचं ठरलं होतं: रेवण आसामच्या लांबच्या गाडीवर गेलाय, तिकडं फोन लागत नाही. एरवी या गावात कुणाची शेळी व्याली तर मालकाच्या आधी शेजाऱ्याला कळतं. पण या गोष्टीला कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. रेवणची आई, बनाकाकू, तात्यांसमोर हसायची आणि रडू आवरेनासं झालं की शेळ्यांच्या गोठ्यात जायची. डोळे लाल कशानं झाले म्हणून तात्यांनी विचारलं, तर कडब्याचं कुसळ गेलं म्हणायची.

म्हाळाच्या आदल्या दिवशी काकू माझ्याकडं आली. सासऱ्यांच्या शेजारी रेवणचं एक पान वाढ, म्हणाली. मला रागच आला. वर्ष झाल्याशिवाय कुणी म्हाळ घालत नाही, आणि तात्या समोर बसणार असताना हे भलतं काय डोक्यात घेतलंस, असं मी तिला तोंडावर बोलले.

"त्याच्या धाव्या दिसाला सुदिक मला चूल पेटवता आली न्हाय गं," ती म्हणाली. "ल्योक उपाशी गेलाय माझा."

तात्यांनी नेहमीसारखं सासऱ्यांच्या पानावर बसायचं, रेवणच्या पानावर माझा पुतण्या समाधान बसेल, आणि तात्यांनी विचारलंच तर ते चुलत सासऱ्यांचं पान म्हणून सांगायचं, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सोप्यात पानं मांडली. सासऱ्यांचं मी वाढलं, रेवणचं काकूनं. दोन्हीकडं तेच भात, कढी, वडे, आमटी, खीर. तात्या आले. अंगानं निम्मे झाले होते, पण जेवायच्या हौसेनं आले होते. मालकांनी त्यांचे पाय धुतले, गंध लावलं. शेजारी समाधान बसला. तात्यांनी आमटी चाखली, तोंड वाकडं केलं आणि मला बोलायला म्हणून मान फिरवली, ती मध्येच थांबली. ते शेजारच्या पानाकडं बघत होते.

मीही बघितलं. खिरीच्या वाटीत, मधोमध, चमचाभर शेंगाचटणी होती.

रेवण लहानपणापासून खीर तशी खायचा. कुत्रंसुद्धा खाणार नाही असलं, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो, की तो 'दादा, बघ की!' म्हणत तात्यांकडं तक्रार करायचा. गावात दुसरं कुणी तशी खात नाही. काकूनं काही ती मुद्दाम टाकली नव्हती. पोराचं पान वाढताना आईच्या हातानं सवयीनं टाकली होती, आणि ते तिच्याही आत्ताच ध्यानात आलं होतं. दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला.

मी वाटी उचलायला वाकले.

"राहू दे, विजयमाला," तात्या म्हणाले. मग समाधानकडं वळले. "ऊठ बाळा. ह्या पानावर मी बसतो."

समाधान उठला. तात्या हात टेकत सरकले आणि त्या पानावर बसले. मालकांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. मी पाण्याचा तांब्या धरून उभी, आणि कानात डॉक्टरांचे शब्द. तात्यांनी चटणी बोटानं खिरीत कालवली, वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून मोठा भुरका मारला. अगदी रेवण मारायचा तसा. सत्तरीच्या म्हाताऱ्यात आमचा रेवण बसून जेवत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तात्यांनी वाटी बोटानं पुसून चाटली, मग वडे खाल्ले, भात खाल्ला. पानात शीतसुद्धा ठेवलं नाही.

जेवण झालं की पितरानं घराला दोन शब्द बोलून उठायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. तात्या उठले नाहीत. त्यांनी दाराकडं, काकूकडं बघितलं, आणि रेवण हाक मारायचा तशीच हाक मारली.

"आये, प्वाट भरलं. दादाला कळलंय आता. रडायला गोठ्यात जाऊ नगंस."

काकूनं तोंडात कोंबलेला पदर काढला.