सुमनसाठी दोन मिनिटं

गिरजाबाई बोलण्यापूर्वी तळहात एकमेकांवर चोळत. उसाच्या पात्यांनी वर्षानुवर्षं चिरलेले ते हात. त्यांतून वाळल्या कडब्यासारखा आवाज निघे, आणि भाद्रपदातल्या कलत्या उन्हात, भोकरदनजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर, त्या आवाजानंतरच त्यांचं बोलणं सुरू होई. पावसाळाभर त्या आमच्याकडे खुरपायला येत आणि दिवाळी सरली की नवऱ्यासोबत कोयता घेऊन सहा महिने दूरच्या उसाच्या फडावर जात. मी जालन्यात मास्तर, त्यात लेखक. स्थलांतर हा माझा विषय. विषय म्हणे! लिहितानासुद्धा या शब्दाची शिसारी येते.

एका तिन्हीसांजेला त्यांनी मला त्यांची भीती सांगितली. सुमन, त्यांची एकुलती लेक, दहावीला. शाळा बुडू नये म्हणून तिला मामाकडे ठेवून त्या जात. पोरीला मागे काही झालं तर फोन लगेच येईल, पण आपण पोचेस्तोवर सगळं उरकलेलं असेल, हे सांगताना त्यांची नजर मातीत रुतली होती आणि खुरपं हातात तसंच थांबलं होतं. नवऱ्यापाशीही त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. मी सहानुभूतीनं मान हलवत राहिलो, आणि माझ्या मनात, काय सांगावं, त्याच क्षणी कथेचा शेवट जुळत होता.

ती भीती मी कथेत खरी करून टाकली. नाव तेवढं बदललं. लाल रिबिनी, हसताना तोंडावर हात धरायची लकब, सगळं सुमनचंच ठेवलं आणि तापानं तिला मारून टाकलं. मरणावाचून कथा उठत नव्हती, एवढंच कारण.

दसऱ्याच्या सुमारास जालन्यातल्या एका साहित्यसभेत मी ती वाचली. गिरजाबाईंना मीच हौसेनं बोलावून मागच्या रांगेत बसवलं होतं. अनुभवाचा अस्सलपणा चारचौघांना दिसावा ही माझी हाव, ऐकून त्यांचं काय होईल हा विचार शिवलाही नाही. वाचन सुरू होताच त्यांचा फोन वाजला. सुमनचाच होता. पदर सावरत त्या व्हरांड्यात गेल्या, आणि आत मी मुलीला शेवटाकडे नेलं. बायका डोळे पुसू लागल्या. अध्यक्ष गहिवरून उठले, हे खरंच घडलेलं ना, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी निर्लज्जासारखी मान खाली घातली. झालं. त्या मुलीसाठी सगळं सभागृह दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं. फोन आटोपून आत आलेल्या गिरजाबाईही, सगळे उभे म्हणून, डोकं लववून उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले नव्हते, मी बघत होतो.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "सर, कोन गेलं व्हतं?"

"एक मुलगी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची."

पुढचं सांगायला जीभ रेटली नाही. त्यांचं मन दुखेल म्हणून मी गप्प बसलो, असं कुणाला वाटत असेल तर तेही खोटं. खरं कळलं असतं तर त्या पुन्हा माझ्यापाशी काही बोलल्या नसत्या, आणि मला अजून लिहायचं होतं. ओकारी यावी असा तो हिशोबीपणा.

"माय माय," त्या म्हणाल्या, "तिच्या मायचं कसं झालं असंल हो. आमची सुमन तर आत्ताच बोलली, मस्त हसून राह्यली व्हती. मंग मी बी उभी राह्यले त्या लेकरासाठी."

दिवाळीनंतर त्या फडावर गेल्या. कथा छापून आली. लोक फोन करून त्या दुर्दैवी आईची विचारपूस करतात आणि मी आवाज खाली आणून बोलतो. गेलेल्या माणसांना काळ हळूहळू आपल्या स्मृतीतून दूर नेतो, असं मी सभांतून सांगत आलो आहे. पण एक हसती मुलगी मी लोकांच्या स्मृतीत मृत करून ठेवली आहे, आणि तिच्या आईनंच त्या मरणापुढे डोकं लववलं, हे मात्र काळ माझ्यापासून दूर न्यायला तयार नाही.