दोन आकड्यांचा अंधार

मी व्हिडिओ गेमची तबकडी बोलतेय. जेवणाच्या ताटाएवढी, दोन्ही अंगांनी चांदीसारखी चकचकीत. म्हणजे एके काळी होते. आता कडेपासून आत डाग चढलेत.

माझ्या पोटात एक मुलगी आहे. कुणीतरी कागदावर हजारो चित्रं काढून, हाताने रंगवून तिला चालतीबोलती केली. बुडालेल्या महालात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती कंदील घेऊन पाण्यात उतरते. खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी दांडा नेमक्या बाजूला ओढला तर वाचते, नाहीतर बुडते. बुडण्याच्या तऱ्हा तेवीस आणि भाऊ सापडण्याची एकच. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य त्या पोरीला बुडवण्यातच गेलं.

एका गेम पार्लरमध्ये उंच लाकडी पेटीत मला बसवलं होतं. आतल्या प्लेअरमध्ये मी गरगर फिरायचे आणि प्रकाशाचा एक बारीक किरण माझ्यावरची चित्रं वाचायचा. एक प्रसंग माझ्या एका भागावर, तर दुसरा भलतीकडेच. प्रसंग संपला की किरणाला तिकडे धाव घ्यावी लागे. तेवढा वेळ खर्रर्र असा आवाज व्हायचा आणि पडदा काळाठिक्कर पडायचा. एक, दोन म्हणेपर्यंत. मग पुढचं चित्र.

गिऱ्हाईकं पेटीला थापट मारायची. "झोपलं वाटतं मशीन!"

पार्लरच्या मेकॅनिकला हे फार लागायचं. तो रोज सकाळी भिंग पुसायचा, ते सरकवणाऱ्या पट्टीला तेल द्यायचा, पण अंधार काही हटेना. त्याच्या खिशात कायम पकड असायची, म्हणून त्याची थोरली बहीण त्याला पकड्या म्हणायची. ती तिथेच टोकनच्या खिडकीत बसायची. खिडकी नेमकी माझ्या पेटीच्या पाठीमागे होती. पडदा तिला दिसत नसे, कानावर मात्र सगळं पडे. पाण्याचे बुडबुडे, मुलीचा श्वास, खर्रर्र, मग शांतता. त्या शांततेत तिचं बोट फळीवर वाजायचं. एक, दोन. मग मुलगी डावीकडे वळणार हे तिला पाठ होतं.

दुपारी पार्लर ओस पडलं की ती पुढे येऊन खेळायची. तोंड भावाकडे, गप्पा चालू, हात दांड्यावर. मुलीचा भाऊ दर वेळी सापडायचा.

"ताई, डोळे मिटून खेळतेस की काय गं?"

"तू सारखा अंधार पाडतोस, मग डोळे उघडे ठेवून करू काय?"

पार्लर बंद झालं. पेटी मोडीत गेली. प्लेअर, दांडा आणि खेळ चालवणारा सर्किट बोर्ड पोत्यात घालून पकड्याने घरच्या माळ्यावर टाकले आणि मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात उभं केलं. तिथून मी या घराची बरीच वर्षं पाहिली.

ताई भावाच्याच घरी राहायला आली. आधी ती नावं विसरू लागली, मग न्हाणीघराचं दार. मग एके दुपारी गॅस उघडा ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. आत भावजय झोपलेली. शेजारणीला वास आला म्हणून ती वाचली.

"अहो, मी काही वाईट नाही हो," भावजय म्हणाली. तिचे हात धुणं धुऊन धुऊन सोलले होते. "पण एकटी किती पुरी पडू? अशा माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत डॉक्टर असतात, बायका असतात."

"ती सगळंच विसरलेली नाही."

"मी कोण ते विचारा बरं तिला."

त्याने कपाटातल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो खेळ तिच्या हाडात मुरलाय. तोही गेला असेल, तर मी स्वतः तिला सोडून येईन."

माळ्यावरचा प्लेअर मेलेला होता. त्याने बाजारातून त्याच खेळाची नवी आवृत्ती आणली. घरच्या टीव्हीवर चालणारी, तळहाताएवढी तबकडी. माझीच मुलगी, पण न्हाऊमाखू घातल्यासारखी स्वच्छ. आणि मध्ये कुठे थांबणं नाही. त्याला कोण आनंद झाला! "ताई, बघ, अंधार गेला! मला जन्मभर जमलं नाही ते यांनी केलं!"

ताईच्या हातात त्याने खेळायचा रिमोट दिला. बुडबुडे आले. पहिला प्रसंग तिने अचूक पार केला. दारात उभी भावजय दोन पावलं पुढे आली.

लागलीच दुसरा प्रसंग सुरू झाला. ताईचं बोट गुडघ्यावर वाजलं. एक, दोन. मग तिने डावीकडे दाबलं. तोवर मुलगी बुडाली होती.

पुन्हा. पुन्हा. सात वेळा.

मी कपाटात ओरडत होते. अरे, ती चुकत नाहीये! ती माझ्यासाठी थांबतेय! पण तबकडीला प्लेअरबाहेर आवाज कुठला?

"अंधार कुठाय?" ताईने विचारलं.

"अजून दिवस आहे, ताई," तो म्हणाला. त्याने रिमोट तिच्या हातातून काढून घेतला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "बॅग भर."

ती गेल्यावर त्याला घर खायला उठलं. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्याने पोतं खाली काढलं. पट्टा बदलला, भिंग पुसलं, तारा डाख देऊन जोडल्या. तीन महिन्यांनी मी पुन्हा फिरले. तोवर कडेच्या डिंकातून हवा आत शिरून माझी चांदी सडत होती. चित्रावर ठिपक्यांचा पाऊस पडत होता. तरी पहिला प्रसंग सरला. खर्रर्र. पडदा काळा.

त्याचं बोट आपोआप मांडीवर वाजलं. एक, दोन.

ते तिथेच थांबलं.

"अगं," त्याने आत हाक मारली. "अगं, ती थांबत होती. अंधारासाठी थांबत होती गं ती. आणि मी..."

भावजय हात पुसत बाहेर आली. ऐकून म्हणाली, "आणा तिला. आजच आणा."

त्याच संध्याकाळी ताई आली. पूर्वीपेक्षा बारीक, केस कापलेले. तिच्या हाताखाली जुना दांडा ठेवला. मी जीव तोडून फिरले. अंधार दिला, पुरेपूर, दोन आकड्यांचा.

तिच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर निपचित होती.

मुलगी बुडाली. ताईने पडद्याकडे पाहिलं. "कुणाची पोर हो ही?" तिने भावाला विचारलं. त्यालाच. अहोजाहो करून.

तिला परत पाठवलं नाही. दुपारी भाऊ तिच्याजवळ बसून मला लावतो आणि काळ्या पडद्यावर तिचं बोट आपल्या हातात धरून वाजवतो. एक, दोन. ती वाजवू देते.

मुलीला भाऊ सापडतो तो प्रसंग माझ्या अगदी बाहेरच्या कडेला होता. सड तिथूनच सुरू झाली, म्हणून तो आता उरलेला नाही. ही मुलगी कधीच पोचणार नाही. माझेही थोडेच दिवस राहिलेत, त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच मागते. तुमच्या घरात कुणाचं उत्तर उशिरा येत असेल, तर त्याच्या हातातलं काढून घेण्याआधी त्याचं बोट बघा. कदाचित ते मोजत असेल.