खुरचन

खिचडी ताटल्यांत वाफा सोडत होती आणि एकही मूल जेवत नव्हतं.

"खाओ ना," नाजमीन म्हणाली.

मुलं गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली होती. एरवी या वयाच्या पोरांना असं बसवायला पोलीस बंदोबस्त लागतो. सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या. दारातून बाहेर वाळणाऱ्या मिरच्यांचा ठसका तेवढा येत होता, माणूस कुणी नव्हतं. मग एकदम, कुणी खूण केल्यासारखं, सगळ्यांनी घास उचलला.

"आता कुणी सांगितलं?"

"खाला खांसी ना," चार वर्षांची अरिबा तोंड भरून म्हणाली. "आपको नई सुना?"

नाजमीनला काही ऐकू आलं नव्हतं. हीच तर अडचण होती.

बडी खाला म्हणजे सुगराबी. दोंडाईच्याच्या या मोहल्ल्यातली अंगणवाडी तिनं इतकी वर्षं चालवली, की तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता आपली पोरं तिथं आणून सोडत होती. मागच्या उन्हाळ्यात ती वारली. जेवायच्या आधी घसा साफ करायची तिला सवय होती, आणि तो खोकला हीच जेवणाची घंटा. रिकाम्या जागेसाठी नाजमीननं अर्ज केला आणि तिची नेमणूक झाली. नाजमीन ही सुगराबीची सून. दोघींचं आयुष्यात कधी पटलं नाही हे ठाऊक असल्यामुळे मोहल्ल्यानं अभिनंदन जरा जास्तच मनापासून केलं.

खात्यानं तिला प्रशिक्षणही दिलं. 'कृतीतून शिक्षण' हा विषय एका साहेबांनी दिवसभर पडद्यावर दाखवला. कुणालाही कशाला हात लावू दिला नाही. निघताना भांडणाऱ्या मुलांसाठी 'सॉरी' लिहिलेलं गुलाबी कार्ड मिळालं. वाचता न येणाऱ्या मुलांनी ते एकमेकांना दाखवायचं होतं.

पण पोरं कार्डाला विचारत नव्हती. ती सुगराबीसारखी चिंचोके निवडत, सुगराबीसारखी फुंकर मारत, आणि एकाचे हात धुवायला दुसऱ्यानं पाणी घालायचं ही तिचीच रीत पाळत. जुन्या पोरांचं एक वेळ समजण्यासारखं होतं. अरिबाचे आईबाप मात्र फैजपूरहून दिवाळीनंतर इकडे आले. तिनं सुगराबीला पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी तीच एक गुडघा वर करून बसे, ओढणीचं टोक कमरेला खोचे आणि नाजमीनकडे असं बघे, की नाजमीनचा हात आपोआप डोक्यावरचा पदर सारखा करायला जाई.

काल रात्री तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "आणखी एक दिवस बघते. पोरं माझी झाली तर ठीक, नाहीतर राजीनामा देते."

कय्युम वेल्डिंगचं काम करायचा आणि बोलणंही जेवढ्यास तेवढं जोडायचा. "अम्मी होती तेव्हा पण हेच म्हणायचीस," तो म्हणाला. "फक्त घराबद्दल."

आता नाजमीन चुलीपाशी मदतनीस भिकुबाईकडे गेली. "अक्का, हे काय आहे?"

"कसाले घाबरस बाई?" भिकुबाई भगोणं खाली उतरवत म्हणाली. "बुढी गयी, पन तिनं वळण अठेच शे. मोठा पोरे धाकला पोरेसले शिकाडतस. त्यामा भूतबित काही नही."

नाजमीनला जरा धीर आला. "आणि तो खोकला?"

"तो ते माले बी ऐकू येस," भिकुबाई म्हणाली आणि फडकं शोधू लागली.

तेवढ्यात पंगतीत गलका झाला. रमीज आणि हसीब सकाळी पाणी ओतायच्या नरसाळ्यावरून भांडले होते, ते आता पुन्हा जुंपले. हसीबच्या दंडावर रमीजचे दात अजून उमटलेले होते. नाजमीननं गुलाबी कार्ड काढलं. त्याआधीच अरिबा उठून भगोण्याशी गेली. तिनं तळाची करपलेली खुरचन उलथन्यानं सोडवली, मोडून एकेक तुकडा दोघांच्या हातांत दिला आणि उभी राहिली. रमीजनं हसीबला भरवलं. हसीबनं रमीजला भरवलं, बोट चावलं जाईल म्हणून जरा लांबूनच. झालं. दोघं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले.

नाजमीनचा तोल गेला.

"बस करा," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही चढला. "बडी खाला मर गई. समझे? नई आनेवाली. अब यहाँ मैं है. मैं बोलूँगी तब खाने का, मैं बोलूँगी तब उठने का."

कुणी रडलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सगळी पोरं तिच्याकडे बघत राहिली, ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"आपका खाला से झगडा है?" अरिबानं विचारलं.



अरिबा पुन्हा भगोण्याकडे गेली. तळाचा उरलेला तुकडा घेऊन आली, तिनं नाजमीनला हाताला धरून खाली बसवलं, तुकडा मोडला आणि दोन्ही भाग तिच्यासमोर धरले.

असे दोन तुकडे नाजमीननं आधी पाहिले होते.

घरात भांडण झालं की सुगराबी त्या दिवशी एक शब्द बोलत नसे. जेवताना भाताची करपलेली खुरचन मोडायची, दोन तुकडे सुनेच्या ताटात टाकायची आणि तिथंच उभी राहायची. मऊ भात लेकाला, जळका सुनेला, असा नाजमीननं त्याचा अर्थ लावला होता. ती ते तुकडे सासूच्या देखत उचलून शेळीपुढं टाकायची. सुगराबी आणखी थोडा वेळ उभी राहायची. कशासाठी, हा प्रश्न नाजमीनला पडला नव्हता. मग म्हातारी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला निघून जायची.

अरिबानं एक तुकडा तिच्या तोंडात घातला. करपट, खारट, तळाला बसलेल्या हळदीचा. तो गिळायला वेळ लागला. दुसरा तुकडा अरिबानं तिच्या हातात दिला.

"अब आप खिलाओ."

नाजमीननं तो अरिबाच्या तोंडापाशी नेला. अरिबानं तोंड मिटून मान हलवली.

"मेरेको नई," ती म्हणाली आणि जागा करून देत बाजूला सरकली.

हात तसाच राहिला. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. दुसऱ्याची पाळी असताना कसं थांबायचं, हे त्या पोरांना नीट शिकवलेलं होतं. भिकुबाईनंसुद्धा फडकं शोधायचं थांबवलं होतं.

नाजमीननं हात त्या मोकळ्या जागेकडे आणखी थोडा पुढं नेला, म्हाताऱ्या माणसाला मान वाकवावी लागू नये इतका.