मीटरखोलीमागची देवी

जोगेश्वरी पूर्वेच्या श्रमसाफल्य सोसायटीत, मीटरखोलीच्या मागे, भर मे महिन्यात माणसं अनवाणी रांग लावून उभी होती. समोर जमिनीतून वीतभर वर आलेला लोखंडी पाइप, त्याला शेंदूर, वर झेंडूची माळ. ओल्या हातानं पाइपाला शिवायचं, मुंग्या आल्या की किंचाळायचं आणि तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचं. पाणी जिरलं की मुंग्या कमी व्हायच्या. म्हणजे देवी तृप्त!

"ही विद्युल्लतामाता!" वाकोल्याहून आलेले तेजोनाथ महाराज गर्जत. "आकाशातली वीज हिची थोरली बहीण. हा लाल दोरा टीव्हीच्या वायरीला बांधा, थोरली धाकटीच्या घरात पाऊल टाकणार नाही. स्टॅबिलायझर हवा कशाला?"

या रांगेत सुबोध परबही होता. सोसायटीचा सेक्रेटरी आणि अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवणारा. आणि हा पाइप त्यानंच पुरून घेतला होता. मागं एकदा विजेनं बिल्डिंगमधले टीव्ही जळले, तेव्हा त्यानं मीटरखोलीत सर्ज प्रोटेक्टर बसवला आणि त्याच्या आणि सगळ्या घरांच्या अर्थिंगसाठी, म्हणजे सुटलेला करंट जमिनीत सोडायला, कोळसा-मीठ घालून हा पाइप गाडला. लोकांना तो खड्डा आठवत होता. पण महाराज म्हणाले, "मातेनंच सेक्रेटरीसाहेबांच्या हातून खणवून घेतला!" त्यासरशी सगळी सोसायटी सुबोधकडे भक्तिभावानं बघू लागली आणि हा शहाणा गप्प बसला. त्याला ते आवडलं, हे सांगायलाच हवं.

गप्प बसायला आणखी एक कारण होतं. त्याची आई, मालन, बाबा गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. गुडघे धरले होते. ती आता रोज दोन जिने उतरून देवीला येऊ लागली. गुडघे बरे झाले, की चार माणसांत जीव रमला, कोण जाणे. पण आई हसत होती. पाइपात कुणाच्या तरी घरातून करंट उतरतोय, कोरड्या मातीत तो जिरत नाही म्हणून मुंग्या येतात, हे सुबोधला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते आईला सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

मग महाराजांची नजर पाइपाला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीवर गेली.

"मातेच्या पायात बेडी! तोडा. ती घराघरांत येईल."

तिसऱ्या मजल्यावरच्या जयाकाकूंनी हॅक्सॉ करवत आणून सुबोधच्याच हातात दिली. आई हात जोडून उभी होती. सुबोधनं पट्टी कापली.

दुसऱ्या दिवशी पाइप थंड, पण फ्रिजच्या दारांना मुंग्या! वॉशिंग मशीनला मुंग्या! बायकांनी फ्रिजला हळदकुंकू लावलं. काय झालंय ते सुबोधला कळलं, तरीही तो गप्प राहिला. संध्याकाळी आरे कॉलनीच्या बाजूला वीज कडाडली आणि दोरे बांधलेल्या टीव्हींतून धूर निघाला. महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली."

सकाळी आईनं ओल्या हातानं वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं आणि ती किंकाळी फोडून भिंतीवर आदळली. सुबोधनं धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. आई जिवंत होती. मनगट मोडलं होतं. तिला उचलतानाच जिन्यातून जयाकाकूंची हाक आली.

"सुबोध, वाट लागली रे! देवी गेली! माझ्या फ्रिजच्या मुंग्या एकदम बंद!"

सुबोधनं मेन स्विचकडे पाहिलं. मेन पाडला होता तो त्याच्या घराचा. म्हणजे करंट त्याच्याच घरातून सुटत होता. बायको, मानसी, कधीपासून सांगत होती की गिझर बिघडलाय, माणूस बोलाव. त्यानं बोलावला नव्हता.

संध्याकाळी आरतीला माणसं जमली. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आईही खाली आली. सुबोधनं घरचा मेन पुन्हा चालू केला होता आणि मानसीला वर गिझरपाशी थांबवलं होतं. त्यानं कंपाउंडमधल्या पाण्याच्या पंपाच्या लोखंडी अंगाला टेस्टर लावला. पंप बंद होता, तरी टेस्टरचा दिवा लागला.

"माता की जय!" महाराज ओरडले.

"मानसी, आपला गिझर बंद कर गं!" सुबोधनं वर खिडकीकडे पाहून हाक दिली. दिवा विझला. "चालू कर!" दिवा लागला.

"गिझर हे मातेचं आसन..." महाराजांनी सुरुवात केली, पण कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पुढचे शब्द त्यांच्या घशातच राहिले.

"गिझर कायमचा बंद कर!" सुबोधनं सांगितलं. मग माणसांकडे वळला. "माझ्या गिझरमधला करंट अर्थिंगच्या तारेतून पाइपात जात होता. मिठाच्या पाण्यानं माती ओली झाली की नीट जिरत होता. पट्टी कापल्यावर त्याला जमीनच मिळेना, म्हणून तो तुमच्या फ्रिजवर येऊन बसला. विजेचा जादा दाबही सर्ज प्रोटेक्टर त्याच पट्टीतून जमिनीत सोडतो. पट्टी नाही, तर ती पेटी नुसता डबा आणि दोरा नुसता दोरा."

आई पुढे आली.

"तुका ह्या आधीपासून ठावक होता?"

"होतं, आई."

"पट्टी कापताना पण?"

सुबोधला मान वर करवेना. "हो. तुझे गुडघे..."

"गुडघे दुखले तर मी सोसतलंय," आई म्हणाली. "माझो झील सगळा जाणून गप रवलो, ह्या माका सोसणा नाय. माझ्या जागी कोणाचा पोर असता तर?"

शरमेनं त्याचे कान तापले. मग तो लोकांना म्हणाला, "महाराजांचं ऐकलंत, ते चुकलं. मला विचारलं असतंत तरी मी लपवलंच असतं, म्हणून माझंही नुसतं ऐकू नका. उद्या वायरमन बोलावून पट्टी जोडून घेऊ, तो तपासेल तेव्हा सगळ्यांनी उभं राहून बघा. जे कुणी सांगेल, ते तपासून बघा."

आईनं चांगला हात पुढे केला. त्याला वाटलं, जिना चढायला आधार मागतेय. त्यानं हात दिला. तिनं तो बाजूला सारला.

"टेस्टर दी," ती म्हणाली. "कसो लावतत ता दाखय."