चौथ्या फेरीतला न्हावी

पोर्ट अल्मात पाव ताजा मिळतो, नळ गळत नाहीत आणि मयताचं सगळं वेळेवर उरकतं, याचं श्रेय ऑर्विल नीमीला जातं. ऑर्विलला हे श्रेय नको होतं. तो गावच्या फुटबॉल संघाचा माणूस होता, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा आणि समोरच्याला पाडायचा तो अमेरिकन फुटबॉल. दर वसंतात देशभरातले संघ कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं आळीपाळीने उचलतात. त्यात पोर्ट अल्मा बीव्हर्ससाठी चौथ्या फेरीत कोणाला उचलायचं, हे ऑर्विल ठरवायचा. पहिल्या फेरीतली पोरं टीव्ही बघणाऱ्या कोणालाही माहीत असतात. चौथ्या फेरीसाठी नजर असावी लागते. ऑर्विलकडे ती होती. ती नेमकी कुठे बघत होती, एवढाच वाद होता.

रुफस टेटला त्याने समोरच्यांना अडवायला आणलं; रुफसने बेकरी काढली. क्वेंटिन बार्लोला झेल घ्यायला आणलं. तो गावचा प्लंबर झाला. कॉर्नेलियस शॉ पळण्यासाठी आला होता, आणि आता ज्या एकाच धंद्यात कोणालाच घाई नसते तो करतो, म्हणजे गावची शवपेट्यांपासून पुरण्यापर्यंतची व्यवस्था बघतो. सगळे पहिल्याच ऑगस्टमध्ये संघातून गळले. घरी तोंड दाखवायची लाज, म्हणून "बर्फ वितळलं की निघतो" म्हणत राहिले. पोर्ट अल्मात जुनं बर्फ वितळेपर्यंत नवं पडायला लागलेलं असतं.

घोळ ऑर्विलच्या पद्धतीत होता. इतर संघांची माणसं मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभी राहायची. ऑर्विल पोराच्या घरी जेवायला जायचा. पोरगं आईच्या हातातलं भांडं घेतं का, आजीशी कसं बोलतं, दार आपटतं की हळूच लावतं, हे सगळं तो डोळ्यात तेल घालून बघायचा. "घरात वळण असेल तर मैदानातही असणारच," असं त्याचं म्हणणं. कॉर्नेलियसबद्दल त्याने कळवलं होतं, 'अतिशय शांत. मोठ्यांचा हात धरून जिना उतरवतो.' त्यावर संघाने त्याला घेतलं. त्या मजकुरात फुटबॉल हा शब्द नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

या वर्षी ते संघाचा नवा मॅनेजर डग प्रिडो याच्या लक्षात आलं.

"ऑर्विल," डग म्हणाला, "काल माझ्या घरी क्वेंटिन आला होता. नळ दुरुस्त करायला."

"कसा केला?"

"फार सुंदर केला. मला रडू आलं. त्याला आपण तिसऱ्या फेरीत घेणार होतो म्हणे."

"मी म्हटलं होतं, चौथ्यात मिळेल."

"हे बघ, राग मानू नकोस. यंदाचा तुझा गडी ऑगस्टअखेर पक्क्या संघात दिसला पाहिजे. नाहीतर तू नाही दिसणार."

ऑर्विलला या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि डगच्या मते हेही येत नव्हतं.

तो बेकरीत कॉफी प्यायला गेला, तर तिथे महापौर हेल्मी कोस्केला वाटच बघत होत्या. त्यांचे केस डोळ्यांवर आले होते. गावचा म्हातारा न्हावी लेकीकडे फ्लोरिडाला गेल्यापासून अख्ख्या पोर्ट अल्माचीच ही अवस्था होती. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरून नवरा कोणता आणि बायको कोणती, हे ओळखू येत नसे.

"ऑर्विल, यंदा न्हावी बघ," महापौर म्हणाल्या.

"मी फुटबॉलपटू बघतो, हेल्मी."

"तू बघ रे तुला हवा तो. होतो तो आपोआप."

"हात हलका असलेला बघा सर," रुफस पाव कापता कापता म्हणाला. "माझ्या मानेवर वस्तरा फिरायचाय."

ऑर्विलने कॉफी तशीच ठेवली. त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली पद्धत उलटी करायचं ठरवलं. यंदा वळण नसलेला पोरगा शोधायचा.

तो अलाबामात सापडला. डेलरॉय पिंकस्टन. दारातच त्याने ऑर्विलला "कोण तुम्ही, आणि जाताय कधी?" असं विचारलं. जेवताना त्याने ऑर्विलच्या ताटातली कोंबडी उचलून खाल्ली. आईने भांडी घासायला सांगितलं, तर हा खिडकीतून बाहेर गेला आणि खिडकी सोबत घेऊन गेला. ऑर्विलच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. त्याने तिथूनच डगला फोन लावला. "असभ्य, आळशी, चोर. ताबडतोब घ्या."

डेलरॉय आला आणि जुलैच्या सरावात त्याने धुमाकूळ घातला. समोर येईल त्याला आडवं केलं, मग आपल्याच बाजूच्या दोघांना आडवं केलं, मग पाण्याची गाडी. डगने ऑर्विलच्या पाठीवर थाप मारली. ऑर्विलला त्या रात्री झोप लागली.

ऑगस्टमध्ये काहीतरी बिनसलं. एका सकाळी ऑर्विलने पाहिलं, डेलरॉय बेकरीचं दार एका म्हातारीसाठी उघडं धरून उभा होता.

"काय करतोयस?"

"दार धरलंय सर."

"का?"

डेलरॉयने जरा विचार केला. "माहीत नाही. रुफसदादा धरतात. क्वेंटिनदादा धरतात. न धरणारा मी एकटाच दिसत होतो."

पोराला गावाचं वळण लागत होतं. रुफस, क्वेंटिन आणि कॉर्नेलियस, म्हणजे ऑर्विलने स्वतः हौसेने गोळा केलेली सालस मंडळी, याला बिघडवत होती. त्याने लगेच उपाय सुरू केले. रोज पहाटे जाऊन तो डेलरॉयच्या गाडीचे आरसे वाकडे करायचा. डब्यातलं सँडविच पळवायचा. भर मैदानात त्याच्या चालीची नक्कल करायचा. आठवडाभरात डेलरॉयच त्याच्याकडे आला.

"सर, तुम्हाला घरी काही त्रास आहे का? आरसे तुम्हीच वाकवता, ते ठाऊक आहे मला. आज मी दोन सँडविच आणलीत. एक तुमचं."

ऑर्विलने कपाळाला हात लावला. सँडविच चांगलं होतं.

त्याच आठवड्यात कॉर्नेलियस नीट कापलेल्या केसांनी बेकरीत आला. सगळे उठून उभे राहिले. एवढे स्वच्छ कान गावाने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"कोणी कापले?" महापौरांनी विचारलं.

"पिंकस्टनने. सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत कापतो. हात असा, की कळतही नाही."

सगळ्यांनी वळून ऑर्विलकडे कौतुकाने पाहिलं. "तोंडाने नाही नाही म्हणतो, पण आणतो बरोबर," महापौर म्हणाल्या. ऑर्विल मान खाली घालून बाहेर पडला.

तरी आशा होती. ऑगस्टचा शेवटचा सामना बाकी होता, आणि मैदानावर डेलरॉय अजून चांगलाच आडदांड होता. डगने स्पष्टच सांगितलं, "आज याने त्यांच्या क्वार्टरबॅकला एकदा जरी पाडलं, तरी तो राहिला आणि तूही राहिलास."

शेवटची काही मिनिटं उरली होती. डेलरॉय दोघांना झुगारून मधून घुसला आणि चेंडू फेकणाऱ्या त्या क्वार्टरबॅकला त्याने मागून कवेत धरलं. ऑर्विल बाकावर उभा राहिला. आता फक्त खाली बसवायचं होतं. तेवढ्यात धडपडीत क्वार्टरबॅकचं शिरस्त्राण निघून पडलं, आणि डेलरॉय थांबला. त्याने एका हाताने गड्याची मान पुढे वाकवली, कानामागे बघितलं. ऑर्विलला ओठ वाचता येत होते. ते या धंद्यात शिकावंच लागतं.

"हे कोणी कापलंय?" डेलरॉय विचारत होता.

"बायकोने," क्वार्टरबॅक म्हणाला.

"डावीकडे जरा जास्त गेलंय. उद्या येऊन जा."

"येतो," क्वार्टरबॅक म्हणाला, आणि त्याच्या मिठीतूनच लांब चेंडू फेकून त्याने सामना जिंकला.

सोमवारी डेलरॉय गळला, ऑर्विलही गळला. डेलरॉयने फ्लोरिडाला गेलेल्या न्हाव्याचं दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी रांग बेकरीपर्यंत पोचली, आणि रांगेत सगळ्यांत पुढे क्वार्टरबॅक होता.

ऑर्विल घरी बसून राहिला. सगळी वर्षं गेली; आपण निवडलेलं एक तरी पोरगं बीव्हर्सच्या कपड्यांत खरं खेळताना बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. तीन-चार दिवसांनी महापौर आल्या.

"नगरपालिकेत ये," त्या म्हणाल्या. "गावाला माणसं आणायचं काम आजवर तूच करत होतास. आता उघड कर. आधी इलेक्ट्रिशियन हवाय."

"मला त्यातलं काही कळत नाही, हेल्मी."

"फुटबॉलमधलं तरी कुठे कळत होतं?"

हे ऑर्विलला पटलं. मात्र या वेळी कोणाच्या घरी जेवायला जायचं नाही, कामच बघायचं, असं त्याने पक्कं केलं. मिलवॉकीच्या एका तांत्रिक शाळेत तो कडेला घड्याळ घेऊन उभा राहिला, आणि खांबावर सगळ्यांत भरभर चढणारा पोरगा त्याने उचलला. ड्वेन हाकाला. दणकट, चपळ, कोणाची पर्वा नाही.

ड्वेन पहिल्या दिवशी चौकातल्या खांबावर चढला. खांब पडला. दुसऱ्यावर चढला, तोही पडला, आणि जाताना शेजारचा सोबत घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत पोर्ट अल्मात एक दिवा लागेना. चौथा खांब डग प्रिडोच्या गाडीसमोर पडला. डग गाडीतून उतरला, आडव्या खांबाकडे बघितलं, मग त्या पोराच्या खांद्यांकडे बघितलं, आणि खिशातून पेन काढलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ऑर्विल डेलरॉयच्या खुर्चीत बसला होता. गावात अजून वीज नव्हती. दुकानात मेणबत्त्या होत्या आणि सेलवर चालणारा रेडिओ होता. नगरपालिकेने त्याला शुक्रवारीच काढून टाकलं होतं, आणि मागे बाकावर बसलेल्या महापौर त्याच्याशी बोलत नव्हत्या. रेडिओवर समालोचक ओरडत होता की बीव्हर्सच्या ड्वेन हाकालाने आज क्वार्टरबॅकला चौथ्यांदा जमिनीवर आणलं, आणि विचारत होता की बीव्हर्सना हा गडी शोधून दिला तरी कोणी.

ऑर्विलला हसू फुटलं आणि त्याचे खांदे गदागदा हलायला लागले.

"सर, हलू नका," डेलरॉय म्हणाला. "मेणबत्तीच्या उजेडात मला कान नीट दिसत नाहीयेत."