वीस बिऱ्हाडांचा बाजार

नगरकडच्या दुष्काळाला कंटाळून कापड विणणाऱ्या साळ्यांची वीस बिऱ्हाडं इंग्रजी मुलखातून निजामाच्या हद्दीत आली आणि धारूरच्या किल्ल्याखाली राहिली. तेव्हापासून भामाबाई कुंभारणीच्या दिराचं, गहिनीनाथचं चाक थांबलं नव्हतं. गाव मडक्यांच्या बदल्यात सुगीनंतर धान्य द्यायचं. साळ्यांना रांजण, माठ, पणत्या सगळंच नव्यानं लागे आणि ते रोख देत. भामाबाई तोच पैसा तेल्याकडे, कासाराकडे मोडायची.

पण खाणारी तोंडं वाढली तशी ज्वारी महागली. मजूर कुरकुरू लागले. भगवानराव पाटलांनी दवंडी पिटवली, की सोमवारच्या बाजारात साळ्यांना कुणी काही विकायचं नाही.

भामाबाईला चैन पडेना. भाजलेल्या माठांची रास अंगणात पडली होती. ती आत जाई, बाहेर येई, किल्ल्याकडे बघे. गहिनीनाथ म्हणाला, पाटलांच्या वाटेला जाऊ नकोस. ती दुपारी चावडीवर गेलीच.

पदर सावरून ती म्हणाली, "पाटील, जवारी महागली हे खरं. पर तुमचं जवारीचं पेव भरलेलं हाय. ते उघडा, भाव उतरंल. माणसं कावून हाकलता?"

पाटील लालबुंद झाले. घरी जा, एवढंच म्हणाले.

सोमवारी साळी आलेच नाहीत. दुपारपर्यंत तेल्याच्या बुधल्या तशाच भरलेल्या, कासाराच्या बांगड्या तशाच बांधलेल्या. मिरच्यांचे ढीग उन्हात वाळत होते. विक्री नाही म्हणून तेल्यानं हाताखालच्या दोन गड्यांना उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. त्या गड्यांनी परवाच ज्वारीच्या भावावरून साळ्यांना शिव्या घातल्या होत्या. संध्याकाळी तेली, कासार आणि ते दोघे, सगळेच चावडीवर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी पाटलांनी पेव उघडलं, दवंडीही मागे घेतली. भाव थोडा उतरला.

भामाबाई धावत किल्ल्याखाली गेली. निम्म्या झोपड्या रिकाम्या होत्या. जिच्याशी तिची गट्टी जमली होती ती केशरबाईही सिरसाळ्याला निघून गेली होती. राहिलेल्या साळिणींनी माठ मागितले, पण आठवडाभरानं आपण इथं असू की नाही, हे त्यांना सांगता येईना.

ती परतली. हातपाय धुतले नाहीत की पाणी घेतलं नाही. गहिनीनाथला गाढवांवर माठ लादायला सांगितलं.

"कुटं?" त्यानं विचारलं.

"सिरसाळ्याला. तिथं तरी त्यांना राहू देतेत का, बगते."